भिलाई: पिवळी बत्ती आणि कार डायरी

भिलाईच्या पोस्टिंगवर लिही म्हटलं की लोकांना पोलाद कारखाना, सेक्टरचे सरळ रस्ते आणि मैत्री बागेतले वाघ ऐकायचे असतात. ते पुढच्या वेळी. आज उंदराबद्दल लिहितो, आणि डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या बत्तीबद्दल. त्या बत्तीपायी आमच्या एका पोराच्या नोंदीत लाल शाईची ओळ जवळजवळ पडली होती.

भिलाईत छावणी नाही. आमची तुकडी छोटी, गाड्या मोजक्याच. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. पावसाळ्यात शेतांत पाणी भरलं की तिथले उंदीर कोरडी जागा शोधत वस्तीत येतात. आमच्या गराजच्या भिंतीला लागून रेशनचं गोदाम होतं. एका सकाळी हलकी गाडी सुरू होईना. बॉनेट उघडलं तर इंजिनमागे, केबिनच्या पत्र्याला लागून जाणारा वायरिंगचा जुडगा कुरतडलेला. खाली प्लॅस्टिकचा रंगीत भुगा पडलेला आणि तांब्याच्या उघड्या तारा चमकत होत्या.

गाडी शहरातल्या एका गराजमध्ये गेली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा सुरू होत होती, पण इंजिनची बत्ती, एबीएसची बत्ती, सगळ्या पेटलेल्या. पिकअप नाही. गराजवाल्याने स्कॅनर लावून अकरा कोड काढले, कागदावर छापून दिले आणि म्हणाला, ईसीयू गेलाय, नवा टाका. खर्चाचा आकडा ऐकून वर चर्चा सुरू झाली. गोदामाशेजारी गाडी लावली कोणी? रोज बॉनेट उघडून बघायचं काम कोणाचं? बोट ड्रायव्हरकडे वळलं. पोरगा सांगलीकडचा, चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेला. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसणार, नुकसानीचा काही भाग पगारातून कापणार, असं बोललं जाऊ लागलं. तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "साहेब, एकदा तुम्ही बघा ना."

मी ईएमईचा माणूस. ही कोर १९४३ साली उभी राहिली, कारण दुसऱ्या महायुद्धात फौज घोड्यांवरून चाकांवर आली होती आणि बंद पडलेली गाडी दुरुस्त करणारा माणूस बंदूकवाल्याइतकाच लागत होता. आमचं ब्रीद 'कर्म ही धर्म'. मी भरती झालो तेव्हा आमचे उस्ताद शक्तिमानवर शिकलेले होते. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच सुमारास जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला. भट्टी रशियनांच्या मदतीने आणि ट्रक जर्मनांच्या, असा तो काळ. पुढे त्याच जबलपुरात निस्सानची जोंगा आली. या गाड्यांचं निदान कानाने, नाकाने आणि बोटांनी व्हायचं. वायरिंग म्हणजे दिवे, हॉर्न, स्टार्टर, डायनॅमो. टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थला लावायचा आणि टोक तारेवर टेकवत जायचं; बल्ब विझला तिथे दोष. उस्ताद म्हणायचे, गाडी खोटं बोलत नाही. बरोबरच होतं, शक्तिमान बोलतच नव्हती.

गाड्या बोलायला लागल्या त्या धुरामुळे. ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

जुलै १९४३. युद्ध चालू होतं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी असा धुरकट पडदा उतरला की डोळे चुरचुरू लागले आणि घसे खवखवू लागले. जपान्यांनी गॅस सोडला की काय, अशी शंका लोकांनी घेतली. शत्रू घरचाच निघाला, पण तो सापडायला काही वर्षं लागली. कॅलटेकमध्ये आरी हागन-स्मिट नावाचा डच रसायनशास्त्रज्ञ होता. तो अननसाच्या वासात कोणती रसायनं असतात ते शोधत होता. तेच वास पकडायचं तंत्र त्याने शहराच्या हवेला लावलं आणि १९५० च्या आसपास दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन यांच्या संयोगातून हे धुकं बनतं. म्हणजे गुन्हेगार होती मोटार. तेल कंपन्यांनी त्याची थट्टा केली. पुढे कॅलिफोर्निया राज्याने हवेसाठी मंडळ नेमलं तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष हाच माणूस झाला.

त्यानंतर कायदे आले. १९७५ पासून अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. कन्व्हर्टर नीट चालायचा तर हवा आणि इंधन यांचं माप अचूक हवं, आणि ते माप कार्बोरेटरच्या जेटने जमेना. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजनचा सेन्सर आला, त्याचं ऐकायला छोटा संगणक आला, आणि संगणकाला बाकीची खबर द्यायला आणखी सेन्सर आले. आता प्रश्न असा की हे सगळं बिघडलं तर मिस्त्रीला कळणार कसं? १९८१ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत संगणकच बत्ती लुकलुकवून आकडा सांगू लागला. एकदा लुकलुक, थांबा, दोनदा लुकलुक, म्हणजे बारा. आमच्या सिग्नलवाल्यांना हे फार ओळखीचं वाटेल.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून ही स्वतःची तपासणी सक्तीची केली. त्यातही एक अडचण होती. प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा आणि कोडांची भाषा वेगळी. गल्लीतल्या मिस्त्रीने दहा स्कॅनर घ्यायचे का? म्हणून ओबीडीचा दुसरा टप्पा आला, १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत. सोळा पिनांचा एकच सॉकेट, स्टिअरिंगखाली हाताच्या टप्प्यात, आणि सगळ्यांना समान कोड. आज भिलाईतल्या पावर हाउस भागातला मिस्त्री आणि डेट्रॉइटचा मिस्त्री पी-०११३ वाचून एकच गोष्ट समजतात, ती यामुळे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा चॅसीचा भाग, यू म्हणजे संगणकांची आपसातली बातचीत. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सर्वांचा, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी.

आपल्याकडे ही भाषा यायला आणखी वेळ गेला, आणि आणणाऱ्यांत एक आपला माणूस होता. २००१ साली सरकारने इंधन आणि धूर यांचं धोरण ठरवायला समिती नेमली, अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळ गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलेले, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. त्या समितीच्या अहवालावरून २००३ चं वाहन इंधन धोरण आलं आणि भारत स्टेजची पायरी-पायरीची वाट आखली गेली. कोणत्या गाडीने किती धूर सोडला ते मोजणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आहेच. २०१० साली मोठ्या शहरांत बीएस-४ आलं आणि त्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा; २०१३ च्या एप्रिलपासून दुसरा. १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर झालं, आणि पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६. म्हणजे छत्तीसगडच्या खेड्यातल्या ड्रायव्हरसमोर जी पिवळी बत्ती पेटते तिचं मूळ लॉस एंजेलिसच्या डोळ्यांतल्या पाण्यात आहे. ती बत्ती मुळात धुरासाठी आहे. गाडी बंद पडेल की नाही, हे सांगणं तिचं काम नाही. ड्रायव्हर लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात त्याचं हेही एक कारण, गाडी तर चालतेय ना!

आता तो अकरा कोडांचा कागद.

कोड वाचणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोडला पार्टचं नाव समजणं. पी-०११३ म्हणजे 'आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सर्किटवर व्होल्टेज जास्त'. सेन्सर खराब असं तो म्हणत नाही. संगणक बिचारा पेटीत बसलेला. त्याला तारेच्या आपल्या टोकाला किती व्होल्ट आहेत एवढंच दिसतं. तार पलीकडे तुटलीय, सेन्सर मेलाय की प्लगात पाणी गेलंय, हे त्याला कसं कळावं? चौकीवरच्या संत्र्याने 'समोरच्या चौकीचा फोन लागत नाही' असा रिपोर्ट दिला, तर समोरची चौकी पडली असं लगेच कोणी धरत नाही. आधी लाइन बघतात.

मी प्रथम काही पुसलं नाही. सगळे कोड, त्यांच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद आणि बाकीचे आकडे वहीत उतरवले. जुडगा दुरुस्त केलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं, कारण अर्धे कोड दुरुस्ती करणाऱ्यानेच जन्माला घातलेले असतात. प्लग काढलेले असताना कोणी चावी फिरवली की संगणक बिचकून प्रत्येक गायब सेन्सरच्या नावाने एक कोड लिहितो. प्लग परत लागला तरी कोड राहतो. मग सगळे पुसले, इंजिन न चालवता चावी ऑन केली आणि वाट पाहिली. अकरातले सहा परत आलेच नाहीत. तो गराजचा कचरा होता.

उरले पाच. पी-०११३, आत येणारी हवा. पी-०११८, कूलंटचं तापमान. पी-०१८३, इंधनाचं तापमान. पी-०२३८, टर्बोचा दाब. आणि यू-०१२१, एबीएसच्या संगणकाशी संपर्क तुटला.

पहिले चार एकाखाली एक लिहून बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की चारही 'जास्त'चे आहेत. एकही 'कमी'चा नाही. चार सेन्सर एकाच रात्री एकाच पद्धतीने मरत नाहीत. तापमानाचा सेन्सर म्हणजे नुसता एक रोध. संगणक आतून पाच व्होल्ट देतो आणि सेन्सर त्यातले काही अर्थकडे ओढून खाली आणतो. अर्थची परतीची तार तुटली तर ओढणारं कोणी उरत नाही आणि व्होल्टेज वर, पाचाजवळ जाऊन बसतं. दाबाच्या सेन्सरची अर्थ गेली तरी तेच. म्हणजे चौघांची सामायिक परतीची तार कुठेतरी उघडी आहे. वायरिंगचा नकाशा काढला. या गाडीत चौघांच्या अर्थ तारा जुडग्यात एका जागी जोडून एकच तार ईसीयूकडे जाते. आणि तो जोड उंदराने खाल्लेल्या जागेपासून वीतभर अंतरावर.

टेप उलगडली. आत जोड होता, पण नुसता पीळ दिलेला. क्रिंप नाही, सोल्डर नाही, वर काळी टेप. जुडगा सरळ धरला की तार टेकायची. इंजिनमागच्या वळणात बसवला की पीळ सुटायचा. गराजवाल्याने मल्टिमीटर लावला असणार तेव्हा जुडगा बाकावर सरळ पसरलेला असणार, आणि मीटर बीप वाजलाच असणार. त्याला दोष देताना मी थोडा जपून देतो, कारण असा बीप ऐकून मीही एकदा फसलोय. तार ज्या जागी काम करते त्या जागी, त्याच वाकात मोजावी लागते.

पाचवा कोड निराळ्या जातीचा. त्यासाठी पुन्हा थोडं मागे जातो. १९८० च्या सुमारास गाडीत इतक्या तारा झाल्या की जुडगे दारातून जाईनात. प्रत्येक खबरीला वेगळी तार. बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत कॅन नावाची पद्धत मांडली. सगळे संगणक दोनच तारांवर, आळीपाळीने बोलायचं. दोघे एकदम बोलले तर जास्त महत्त्वाच्या निरोपाला वाट द्यायची. वायरलेस सेटवर आम्ही करतो तसंच, फक्त सेकंदाला हजारो वेळा. दोन्ही तारा एकमेकींत पिळलेल्या असतात. निरोप जाताना एकीचं व्होल्टेज वर जातं, दुसरीचं तेवढंच खाली, आणि ऐकणारा फक्त फरक मोजतो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. तारा कमी करायला काढलेली युक्ती. पण आता उंदराला एवढ्या दोनच तारा सापडल्या तरी पुरतं.

या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढायची, सोळा पिनांच्या सॉकेटात सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये मोजायचं. दोन्ही रोध समांतर, म्हणून ६० यायला हवेत. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. माझ्या मीटरने दाखवले १२०. म्हणजे एक टोक गायब. या गाडीत दुसरा रोध एबीएसच्या पेटीत आहे, आणि संपर्क तुटल्याचा कोडही एबीएसचाच. पुढे टेप काढत गेलो तर पिळलेल्या जोडीतली एक तार नीट जोडलेली, दुसरी जवळपास तीन बोटं खाल्लेली आणि तशीच टेपखाली दाबलेली. दोघांचा रंग सारखा फिका, अंधारात दिसली नसेल.

जोडणीचं काम मी पावर हाउसजवळच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसून केलं. त्यांच्याकडे चांगला क्रिंपर होता आणि आत गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह होती. आमच्या स्टोअरात दोन्ही नव्हतं. त्यांनी ट्रक आणि टिप्परच्या वायरिंगवर आयुष्य काढलंय. कॅनचा पीळ शेवटपर्यंत तसाच ठेवायचा, जोड एकासमोर एक न देता मागेपुढे द्यायचे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पैसे घेताना म्हणाले, "फौजी भाई, चूहा तो अनपढ़ है, मिस्त्री को तो पढ़ना चाहिए।"

मीटर ६० ओहम दाखवू लागला. कोड पुसले, चावी ऑन, इंजिन सुरू, दुर्गपर्यंत जाऊन आलो. बत्त्या विझलेल्या. ईसीयू जुनाच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पहिल्या दिवशी, काही पुसण्याआधी, वहीत एक आकडा उतरवला होता. ओबीडी एक हिशेब ठेवतो: इंजिनची बत्ती पेटलेली असताना गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा होता ३३८. गाडी उंदराने बंद पडल्यापासून गराजला ओढून गेली आणि परत आली, जेमतेम वीस किलोमीटर. मग बाकीचे तीनशेच्या वर कधीचे? म्हणजे उंदीर एका रात्रीत आला नव्हता. तो आधीपासून थोडं थोडं कुरतडत होता, आणि बत्ती तेव्हापासून पेटत होती.

हे ड्रायव्हरच्या विरुद्ध जाणार, हे मला लगेच दिसलं. बत्ती पेटलेली असताना पोरगा तीनशे किलोमीटर गप्प राहिला, असाच अर्थ कोणीही काढला असता. मी आकडा खोडला नाही, पण दोन दिवस कोणाला सांगितलाही नाही. मग त्याला बोलावलं आणि सरळ विचारलं. तो गडबडला नाही. म्हणाला, "लिहिलं होतं साहेब, कार डायरीत."

डायरी काढली. मीटर वाचन त्या दिवशी ४८,६१२ होतं. त्यातून ३३८ वजा केले तर ४८,२७४. डायरीत जुलैच्या सुरुवातीची एक नोंद: गाडी निघाली ४८,२४३ वर, परतली ४८,२८१ वर. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या वाकड्या अक्षरात, हिंदीत: इंजन की पीली बत्ती जल रही है, चेक करवाना है। म्हणजे ज्या फेरीत बत्ती पेटली त्याच फेरीच्या अखेरीला त्याने लिहिलं होतं. त्याच्या खाली सही होती. तपासले म्हणून. ती सही माझी.

मला तो दिवस आठवत नाही. महिन्याच्या सुरुवातीला डायऱ्यांचा ढीग येतो, आणि माणूस सह्या करत जातो.

चौकशीत मी वही आणि डायरी दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि वजाबाकी करून दाखवली. साहेबांनी डायरी जवळ ओढून सही नीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पोराच्या नावावर काही चढलं नाही. माझ्या नावावर एक लेखी समज चढली, आणि ती योग्य होती.

गोदाम त्या पावसाळ्यातच हलवलं. ड्रायव्हर नोव्हेंबरात लग्नाला गावी गेला, येताना बेदाणे घेऊन आला. गाडीच्या डायऱ्या अजूनही माझ्याकडेच येतात. शेऱ्याचा रकाना मी आधी वाचतो, सही नंतर; त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेसला पोहोचायला मला उशीर होतो आणि चपात्या गार मिळतात.